तुडतुड्यांचा बहार : फैजपूरहून कर्सियांगच्या चहामळ्यांत

पहिला दिवस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा हा केळीच्या पट्ट्यात घर सोडून जाण्याचा काळ नव्हे. फैजपूर-सावदा भागात पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला असतो, उष्ण वाऱ्याने पानांच्या चिंध्या होतात, वीज असेल त्या वेळेला, मग ती मध्यरात्र का असेना, ठिबक सुरू करावे लागते आणि गेल्या मृगात लावलेल्या बागांची कापणी तोंडावर आलेली असते. तरीही आम्ही हाच आठवडा ठरवला, कारण दार्जिलिंगच्या डोंगरांवरील चहाचा दुसरा बहार, म्हणजे कोवळ्या शेंड्यांची वर्षातली दुसरी फूट, मेच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि जूनमध्ये मोठा पाऊस लागला की संपतो. माझे थोरले दीर, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणते, त्यांची फार दिवसांपासून इच्छा होती की ज्या पिकाच्या नावावर एका डोंगराची जगभर ओळख झाली ते पीक शेतात उभे राहून पाहावे. पुतणी कृषी महाविद्यालयात शिकते, तिने सगळी आखणी केली. आप्पा, जाऊबाई, पुतणी, आमचे हे, मी आणि शेजारचे नाना असे आम्ही निघालो. बागेची जबाबदारी दोन्ही मुलांवर सोपवली होती.

भुसावळहून न्यू जलपाईगुडीला थेट गाडी मिळते. दुपारी गाडीत बसलो आणि थोड्याच वेळात तापीचा पूल ओलांडून आमच्याच मुलखातून पुन्हा उत्तरेकडे जाऊ लागलो. सावदा, निंभोरा, रावेर ही स्थानके एकामागून एक गेली. येथून पूर्वापार केळी रेल्वेने दिल्लीकडे जाते. रुळांच्या दोन्ही बाजूंना केळीच्या रांगा आणि त्यांच्यामागे सातपुड्याची निळसर कड दिसत होती. बऱ्हाणपूर आले तेव्हा ऊन उतरले होते. आज हे गाव मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशची राजधानी येथेच होती, त्यामुळे तेथपर्यंत आपण घर सोडले असे मनाला वाटत नाही. तेथून पुढे मात्र केळी संपली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचे लोणचे काढून आम्ही लवकरच जेवून घेतले.

दुसरा दिवस

हा सगळा दिवस गाडीतच गेला. उत्तर प्रदेश व बिहारची सपाट शेते, आंब्याच्या राया आणि गंगेचे विस्तीर्ण पात्र, एवढे सांगून पुढे जाता येईल. पण पुतणीने त्या दिवशी आम्हाला चहाबद्दल जे समजावून सांगितले त्याचा पुढे फार उपयोग झाला.

दार्जिलिंगमध्ये चहा मुळात नव्हता. १८४१ साली तेथील ब्रिटिश अधिकारी आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी आपल्या बंगल्याच्या आवारात बी लावून पाहिले, ते रुजले, आणि १८५० नंतरच्या दशकात व्यापारी मळे उभे राहू लागले. आसामात मोठ्या पानाची जात चालते, ती उष्ण व दमट मैदानात जोमाने वाढते. दार्जिलिंगच्या जुन्या मळ्यांत मात्र मुख्यतः चिनी वाणाची लहान पानांची झाडे आहेत, जी थंडी सोसतात, हळू वाढतात आणि कमी उत्पन्न देतात. ‘दार्जिलिंग’ हे नाव केवळ तेथील ८७ मळ्यांच्या चहालाच लावता येते. देशातील पहिले भौगोलिक मानांकन याच चहाला २००४-०५ मध्ये मिळाले. आमच्या जळगावच्या केळीला ते २०१६ साली मिळाले. हे ऐकल्यावर आप्पांनी विचारले की मानांकन मिळाल्यावर शेतात काय बदलते, दर बदलतो की काम बदलते? पुतणीने प्रामाणिकपणे सांगितले की ते तेथे जाऊनच पाहू.

तिसरा दिवस

पहाटे न्यू जलपाईगुडीला उतरलो आणि सिलीगुडीहून जीप केली. शहर संपते न संपते तोच सुकनाच्या बाजूला तराईतले चहामळे सुरू झाले. सपाट जमिनीवर कमरेएवढ्या उंचीचा हिरवा थर पसरलेला, त्यात ठरावीक अंतरावर विरळ पानांची सावलीची झाडे आणि मधूनमधून पाणी काढून देणारे खोल चर. नाना जीपमधून उतरून चर पाहून आले. आमच्याकडे सगळी धडपड पाणी शेतात मुरवण्याची, येथे ते बाहेर काढण्याची. जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आम्ही निघालो होतो त्या डोंगरातल्या कर्सियांग गावी ३००० मिलिमीटरच्याही वर. चहाच्या मुळांशी पाणी साचले तर झाड जगत नाही, म्हणून त्याला भरपूर पाऊस आणि ते पाणी वाहून नेणारा उतार अशा दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. शिवाय जमीन आम्लधर्मी हवी. आमची काळी, चुनखडीयुक्त जमीन त्याला मुळीच मानवणार नाही. सातपुड्यात चहा का होत नाही, हा प्रश्न आप्पांनी निघण्यापूर्वी विचारला होता, त्याचे उत्तर या चरांपाशीच मिळाले.

रोहिणी मार्गाने जीप चढू लागली तसे कानांत दडे बसले. कर्सियांग सुमारे १४५० मीटर उंचीवर आहे. बाजाराच्या रस्त्यातूनच छोट्या गाडीचे रूळ जातात, दुकानांच्या पायऱ्यांपासून हातभर अंतरावरून. दोन रुळांमधले अंतर केवळ दोन फूट आहे. १८८० मध्ये ही गाडी कर्सियांगपर्यंत आली, १८८१ मध्ये दार्जिलिंगला पोचली आणि १९९९ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. दुपारी धुके खाली उतरले आणि समोरचे घरही दिसेनासे झाले. मे महिन्यात शाल पांघरून बसण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नव्हता. जाऊबाई पुन्हा पुन्हा घरी फोन करून तिकडच्या तापमानाची चौकशी करत होत्या.

चौथा दिवस

ज्यासाठी आलो तो हा दिवस. या भागात मे महिन्यात पाचच्या आधीच सूर्य उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघालो तेव्हा लख्ख उजेड होता. सोबत वाटाड्या म्हणून एक तरुण होता. त्याचे आई-वडील मळ्यात काम करत आले आहेत. आम्ही पंखाबारी मार्गाने खाली उतरू लागलो. हा जुना रस्ता इतका उभा आहे की टाच रोवून पाय टाकावा लागतो. एका वळणावर डोंगराची सगळी कूस उघडी झाली. वर धुपीच्या उंच, काळपट झाडांची रांग, तिच्या खाली थेट दरीपर्यंत चहा, आणि उतारावरून आडव्यातिडव्या गेलेल्या पायवाटा. मकईबारीचा मळा याच रस्त्याच्या अंगाला आहे. तो १८५९ पासूनचा आहे.

रस्ता सोडून पायवाटेला लागलो आणि पहिले झुडूप जवळून पाहिले. वरून ते कोवळे, तुकतुकीत, नुकतेच लावल्यासारखे दिसते, पण हाताने फांद्या बाजूला सारल्या की आत मनगटापेक्षा जाड, शेवाळलेले, गाठी-गाठींचे खोड निघते. त्यावर जागोजागी छाटणीच्या जुन्या खुणा असतात. चहा हे खरे तर झाड आहे, मोकळे सोडले तर सहज दोन-तीन पुरुष उंच वाढेल. हिवाळ्यात छाटणी करून आणि वर्षभर शेंडे खुडून त्याला कमरेच्या उंचीवर धरून ठेवतात, म्हणजे तोडणाऱ्या बाईचा हात सर्वत्र पोचतो. येथील कित्येक झुडपे शंभर वर्षांहून जुनी आहेत. आमची टिश्यूकल्चरची केळी अकरा-बारा महिन्यांत घड देते, पिलबाग, म्हणजे बुंध्याच्या पिलांवरचे पुढचे पीक, एकदा-दोनदा धरतो आणि मग बाग मोडतो. पणजोबांनी लावलेल्या झाडावर पणतू काम करतो आहे, ही गोष्ट नानांना इतकी विशेष वाटली की ते बराच वेळ त्या खोडावर हात ठेवून उभे राहिले.

सातच्या सुमारास बायकांची टोळी उतारावर पसरली. पाठीवर बांबूची टोपली, तिला ते डोको म्हणतात, आणि तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला, त्याला नाम्लो म्हणतात. दोन्ही हात मोकळे राहतात. मी एका दीदींची परवानगी विचारून त्यांच्या शेजारी उभी राहिले. मोडक्यातोडक्या हिंदीत आमचे चांगले जमले. एक न उमललेली कळी आणि तिच्याखालची दोन पाने, एवढाच शेंडा अंगठा व तर्जनीत धरून त्या किंचित वळवून मोडत. ओढत नसत आणि नख लावत नसत. मुठीत सात-आठ शेंडे झाले की लगेच खांद्यावरून मागे टोपलीत टाकत. मूठ घट्ट भरू द्यायची नाही, कारण दाबलेले पान तापते, काळे पडते आणि त्याचा चहा बिघडतो. एका रांगेवरून पुन्हा यायला साधारण आठवडा लागतो, तेवढ्यात नवा शेंडा तयार झालेला असतो. आठवडा चुकला तर पान निबर होते. आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बायकांचे हात मी जन्मभर पाहत आले आहे. तोच वेग, तीच बोटांची काळजी येथे होती. फरक इतकाच की येथे पाय उभ्या उतारावर रोवलेले आणि पाठीवर वाढत जाणारे ओझे.

त्याच वेळी आप्पा थोडे वरच्या रांगेत पाने उलटून पाहत होते. शेतात शिरले की पान उलटून पाहण्याची त्यांची सवय आहे. एकदम त्यांनी हाक मारली, “अहो, इकडे या, हे तर आपले तुडतुडे!” जाऊन पाहिले तर खरोखरच कोवळ्या पानाच्या मागच्या बाजूला पोपटी, तांदळाच्या कणीएवढे किडे तिरके पळत होते. पाने कडांना तपकिरी होऊन आत वळलेली, वाढ खुंटलेली. आमच्या कपाशीवर हे चित्र दिसले की झोप उडते, पानांच्या कडा पिवळ्या, मग लालसर होतात, पाने वाटीसारखी वळतात आणि फवारणीचा पंप खांद्यावर येतो. चहावरचा तुडतुडा वेगळ्या जातीचा, पण कुळ एकच. आप्पांनी वाटाड्याला विचारले, “फवारणी कधी करतात?” त्याने मुकादमाला विचारून जे सांगितले त्याने आम्ही सगळेच थबकलो. या बहारात तुडतुड्यांना ते पूर्णपणे हुसकावत नाहीत. त्यांनी व फुलकिड्यांनी रस शोषला की झाड बचावासाठी काही सुगंधी द्रव्ये तयार करते, आणि दुसऱ्या बहाराच्या चहाला जो पिकलेल्या द्राक्षासारखा वास येतो, ज्याला व्यापारी ‘मस्कॅटेल’ म्हणून चढा दर देतात, तो या दुखापतीतूनच येतो. वजन घटते, पण किंमत वाढते. अर्थात कीड फार वाढली तर मळ्याचे नुकसानच होते, म्हणून किती सोसायचे याचा अंदाज रोज पाने पाहूनच बांधावा लागतो. पुतणीने वहीत हे सगळे लिहून घेतले. आप्पा म्हणाले, “चाळीस वर्षे मी याला मारतो आहे.” मग त्यांनी ते वळलेले पान चुरगाळून नाकाशी नेले. हिरव्या पानाला तो वास नसतो, तो पुढे कारखान्यात उमलतो.

अकराच्या सुमारास वजन झाले. तिवईला काटा टांगलेला, प्रत्येकीची टोपली मोजण्याआधी मुकादम हात घालून पान वरखाली करून पाही आणि निबर पान वेगळे काढी. पान पोत्यांत न कोंबता सैल भरून लगेच कारखान्याकडे रवाना झाले. तोडल्यापासून काही तासांतच ते पसरले गेले पाहिजे. येथे आमच्या यांना आपल्याकडची कापणी आठवली, जिथे घड खांद्यावरून ट्रकमध्ये एकमेकांवर रचले जातात आणि साल काळी पडल्यावर व्यापारी दर पाडतो. निर्यातीसाठी जे शेतकरी फण्या धुऊन, खोक्यात भरून पाठवतात त्यांचाच माल टिकतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी बहुतेकजण अजून जुन्याच पद्धतीने चालले आहेत.

जेवण आम्ही त्या बायकांबरोबरच केले. त्यांच्या डब्यात भात, पालेभाजी आणि डल्ले नावाची गोल, लाल, अतिशय तिखट मिरची होती. आमची शेंगदाण्याची चटणी त्यांना आवडली आणि त्यांची मिरची जाऊबाईंनी पाणी न पिता खाल्ली, याचे तेथे कौतुक झाले. मजुरीची चौकशी केली. पश्चिम बंगालमधील चहामळ्यांसाठी २०२३ मध्ये दिवसाला २५० रुपये ठरले होते. घर, दवाखाना, पाळणाघर या सोयी १९५१ च्या मळे कामगार कायद्याने मालकावर बंधनकारक केल्या होत्या. पण ज्या चहाचा किलो हजारोंनी विकला जातो त्याच्या तोडणीला एवढीच मजुरी, हे मला पटले नाही आणि अजूनही पटत नाही. त्या दीदींची मुलगी सिलीगुडीत दुकानात कामाला आहे, ती मळ्यात परतणार नाही. कामाला माणसे मिळत नाहीत ही तक्रार तेथेही आहे, आणि ती ऐकताना मी पाहिलेल्या त्या बोटांच्या कसबाला पगारात जागा नाही, हेच कारण मला दिसत होते.

दुपारी कारखान्यात गेलो. वरच्या मजल्यावर जाळीच्या लांब पाटांवर पान पसरलेले होते आणि खालून पंख्याची हवा सोडलेली. असे चौदा ते सोळा तास ठेवले की पान कोमेजून मऊ पडते, दुमडले तरी तुटत नाही. मग ते पितळी पट्ट्यांच्या गोल यंत्रात वळतात, तेव्हा पेशी फुटून रस बाहेर येतो. त्यानंतर ते पातळ थरात पसरून हवेत राहू देतात आणि हिरवे पान हळूहळू तांब्याच्या रंगाचे होते. याच खोलीत तो वास आला. आत पाऊल टाकताच आप्पा थांबले आणि दीर्घ श्वास घेतला. किती वेळ ठेवायचे हे घड्याळापेक्षा नाकावर ठरते. कामगार मूठभर पान उचलून हुंगत होता आणि एका क्षणी त्याने इशारा केल्याबरोबर ते भट्टीकडे गेले. शेवटी दोन-तीन टक्के ओलावा उरतो. साधारण सव्वाचार-साडेचार किलो हिरव्या पानापासून एक किलो चहा होतो. चाळण्यांवर पूर्ण पान, तुटके पान, चुरा आणि भुकटी वेगवेगळी होतात. हीच शेवटची भुकटी पिशवीच्या चहात जाते. रविवारी तोडणी नसते, त्यामुळे सोमवारी कारखाना बंद असतो, म्हणून येणाऱ्यांनी तो दिवस टाळावा.

परत चढताना पाऊस सुरू झाला आणि पायांना जळवा लागल्या. वाटाड्याने मिठाची पुरचुंडी आणली होती, त्यामुळे काही वाटले नाही. चढता चढता तो मळ्यांबद्दल बोलत होता. एके काळी या डोंगरांवर वर्षाला एक कोटी किलोंहून अधिक चहा होई, अलीकडे तो साठ लाख किलोंच्या आसपास आला आहे. वेगळ्या गोरखालँड राज्यासाठी झालेल्या २०१७ च्या आंदोलनात ऐन दुसऱ्या बहारापासून शंभराहून अधिक दिवस मळे बंद राहिले. तण माजले, ग्राहक दुसरीकडे गेले आणि ते सगळे परतले नाहीत. झुडपे म्हातारी झाली आहेत, पण उपटून नवीन लावली तर उत्पन्नासाठी काही वर्षे थांबावे लागते आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पावसात वाहून जाते. नाना सगळे ऐकून एवढेच म्हणाले की नावाला जपायचे तर आधी खोडाला आणि बाईला जपावे लागेल.

पाचवा दिवस

पाय आखडले होते, म्हणून छोट्या गाडीने दार्जिलिंगला गेलो. सोनादा, मग २२५८ मीटरवरचे घूम, मग बतासियाचे गोल वळण. कांचनजंगा धुक्यात होते, दिसले नाही. दार्जिलिंग गावाच्या खाली हॅपी व्हॅलीचा मळा आहे, तेथे तासभर चाललो. कर्सियांगपेक्षा बऱ्याच उंचीवर असल्याने येथे दुसऱ्या बहाराचे शेंडे अजून लहान होते आणि पाने अधिक छोटी व जाड. एकाच पिकाला उंची कशी मागे-पुढे करते ते दोन दिवसांत दोन ठिकाणी पाहता आले. गावातील एका जुन्या दुकानात पहिल्या आणि दुसऱ्या बहाराचा चहा शेजारी शेजारी चाखला. पहिला फिकट, हिरवट पिवळा आणि फुलांच्या वासाचा, दुसरा मधाच्या रंगाचा आणि भरीव. आप्पांनी दुसऱ्याचे पुडे घेतले.

घरी आल्यावर

पुडे वाटून झाल्यावर पुतणीने घरी एक प्रयोग केला. एका भांड्यात विहिरीचे पाणी, दुसऱ्यात गाळणयंत्राचे. पाणी उकळून क्षणभर थांबायचे, कपाला दोन ग्रॅम पान घालायचे आणि झाकून चार मिनिटे ठेवायचे. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात रंग काळपट आला, वर तवंग धरला आणि वास दबला. गाळलेल्या पाण्यात तो कारखान्यातला वास स्पष्ट आला. सासूबाईंनी तो घोट घेतला आणि दूध कुठे आहे, असे विचारले. त्यांना त्यांचा नेहमीचा आल्याचा चहा करून दिला. आप्पा मात्र रोज सकाळी बागेत जाण्यापूर्वी बिनदुधाचा तो एक कप घेऊ लागले आहेत. पुडा मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून देवघराच्या खोलीतल्या कपाटात ठेवला आहे, कारण चहा आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेतो आणि आमच्या स्वयंपाकघरात काळ्या मसाल्याचा डबा बाराही महिने उघडा-झाका होत असतो.